फोर बाय फोरवरचा भरवसा उडालाय? विकायच्या आधी काय तपासायचं आणि विकायचीच ठरली तर कशी विकायची

फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद देता येणारी) गाडी रानात एकदा बंद पडली म्हणून लगेच कोणी विकायला काढत नाही. बेल्ट तुटला, टायर फाटला, रेडिएटरला दगड लागला तर माणूस चार शिव्या देतो, दुरुस्त करतो आणि पुढच्या वेळी परत त्याच वाटेला जातो. भरवसा उडतो तो कारण न सापडलेल्या बिघाडाने. गाडी चढावर अचानक बंद झाली, अर्ध्या तासाने आपोआप चालू झाली, गॅरेजमध्ये नेली तर "काही दिसत नाहीये" म्हणाले, आणि तेव्हापासून स्टीअरिंगवर बसलं की कान इंजिनच्या आवाजाकडे आणि डोळे टेम्परेचरच्या काट्याकडे. मग हळूहळू लांबचे ट्रॅक (रानातल्या कच्च्या वाटा) टाळले जातात, दुसऱ्याच्या गाडीत बसून जाणं सुरू होतं, आणि आपली एवढी मोठी गाडी ऑफिसला नेण्यापुरती उरते.

अशा वेळी ठेवायची की काढायची हे रागात किंवा कंटाळून ठरवू नका. साध्या गाडीपेक्षा इथला हिशोब वेगळा आहे, कारण रस्त्यावर बंद पडली तर टो करून नेता येते, पण नदीपात्रात किंवा फोनला रेंज नसलेल्या खिंडीत बंद पडली तर सोबतच्या सगळ्यांना घेऊन चालत यावं लागतं.

पहिलं काम: तक्रार कागदावर उतरवा

"गाडीचं काही खरं नाही" ही तक्रार जगातला कुठलाच मेकॅनिक सोडवू शकत नाही. प्रत्येक वेळी नक्की काय झालं ते लिहा. इंजिन गरम होतं की थंड, टाकीत इंधन किती होतं, पाण्यातून जाऊन किती वेळ झाला होता, गाडी चढावर होती, उतारावर होती की एका बाजूला कललेली, फोर हाय होतं (चारही चाकांना ताकद, नेहमीचे गिअर) की फोर लो (तेच पण हळू आणि जास्त जोराचे गिअर, म्हणजे लो रेंज), डॅशबोर्डवर कुठले दिवे लागले, आणि परत चालू व्हायला किती वेळ लागला. दिव्यांचा फोटोच काढून ठेवा, नंतर आठवत नाही.

एवढं लिहिलं तरी बऱ्याचदा चित्र दिसायला लागतं. गरम झाल्यावर बंद आणि थंड झाल्यावर चालू असं होत असेल तर क्रँकशाफ्ट सेन्सर (इंजिनचं फिरणं मोजणारा) आणि फ्युएल पंप हे दोन नेहमीचे संशयित. टाकी अर्ध्याच्या खाली असताना आणि कललेल्या जागीच झटके येत असतील तर टाकीतला पिकअप (इंधन ओढून घेणारी नळी) हवा ओढतोय का ते बघायचं. पाण्यातून आल्यावर लगेच काही नाही पण दोन-तीन दिवसांनी दिवे लागायला लागले तर कुठल्यातरी कनेक्टरमध्ये ओल राहिलीये आणि पिना हिरव्या पडायला लागल्यात असं समजा.

मग तक्रारींचे तीन ढीग करा. जीवावर बेतणाऱ्या, म्हणजे ब्रेक, स्टीअरिंग, चाक, चासी. जागेवर अडकवणाऱ्या, म्हणजे इंजिन, कूलिंग, इंधन, गिअरबॉक्स, फोर बाय फोर. आणि नुसतं डोकं खाणाऱ्या, म्हणजे खडखड, दाराची गळती, एसी, स्क्रीन. गंमत अशी की लोक वैतागून गाडी विकतात ती बऱ्याचदा तिसऱ्या ढिगापायी, आणि पहिल्या ढिगातलं काहीतरी तसंच घेऊन वर्षानुवर्षं फिरत असतात. पहिल्या ढिगात काही सापडलं तर गाडी आधी उभी करा, बाकीचा विचार नंतर.

सुरुवात वायरिंगपासून करा, इंजिनपासून नाही

इंजिन उघडायची घाई करू नका. कधी होतं कधी होत नाही अशा बिघाडांमध्ये बॅटरी, अर्थिंग आणि कनेक्टर इतक्या वेळा निघतात की आधी तेच संपवून टाकावं, आणि तपासायला एक साधा मल्टिमीटर पुरतो.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीला १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं, १२.२ म्हणजे साधारण अर्धी उतरलेली. स्टार्टर मारताना ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी थकलीये नाहीतर केबल नीट बसत नाहीये. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ मिळायला हवं (नव्या गाड्यांमध्ये कॉम्प्युटर अल्टरनेटरला कमीजास्त करत असतो, तिथे आकडा थोडा हलला तर घाबरायचं कारण नाही). आता जी टेस्ट बहुतेक लोक करत नाहीत ती: मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी थेट इंजिनच्या धातूला लावा, आणि दुसऱ्या माणसाला स्टार्टर मारायला सांगा. मीटर अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग खराब आहे. चिखलपाण्यात फिरणाऱ्या गाडीत अर्थची पट्टी जिथे चासीला बोल्ट केलेली असते तिथेच गंज धरतो, आणि एका खराब अर्थमुळे चार वेगवेगळे सेन्सर खोटं बोलायला लागतात. मग एकामागून एक चार सेन्सर बदलले जातात. पट्टी सोडून, घासून, परत घट्ट बसवायला अर्धा तास लागत नाही.

स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावलात तर नुसता कोड वाचून थांबू नका, फ्रीझ फ्रेम बघा. कोड पडला त्या क्षणी इंजिनचं तापमान, वेग, आरपीएम काय होतं ते त्यात साठवलेलं असतं, तुमच्या कागदाशी ताडून बघा. आणि कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं म्हणजे तो सेन्सरच गेलाय असं नसतं, त्याच्या वायरपासून प्लगपर्यंत कुठेही गोम असू शकते.

चालू-बंद होणारा बिघाड मुद्दाम घडवून आणणं ही खरी कला आहे. इंजिन चालू ठेवून हार्नेस (वायरींचा जुडगा) हाताने हलवा (पंखा आणि बेल्टपासून लांब), संशय असलेल्या सेन्सरला हेअर ड्रायरने गरम करा, मग गार पाणी फवारा. गॅरेजवाल्याने असं काहीच न करता गाडी नुसती एक चक्कर मारून "ठीक आहे" म्हणून परत दिली तर दुसरं गॅरेज बघा.

तापणारी गाडी

आधी कधी तापते ते बघा. संथ चालताना, लो रेंजमध्ये चढताना तापते पण मोकळ्या रस्त्यावर ठीक राहते, तर पंखा, फॅन क्लच किंवा रेडिएटर आणि एसी कंडेन्सरच्या मधे बसलेला चिखल. रेडिएटर समोरून कितीही धुतला तरी हा मधला चिखल निघत नाही, इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने हलक्या प्रेशरने धुवावं लागतं. उलट मोकळ्या रस्त्यावर वेगात तापत असेल तर रेडिएटर आतून चोंदलाय, थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नाहीये किंवा पंप कमी पडतोय.

कूलंट कमी होतंय पण गळती कुठेच दिसत नाही तेव्हा लोक थेट "हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि हेडच्या मधलं सील) गेली" म्हणून हात टेकतात. आधी रेडिएटरची कॅप बदला, स्वस्तातली वस्तू आहे, आणि साधारण एक बारचं प्रेशर धरून ठेवायचं काम तिचं, ते धरलं नाही तर कूलंट लवकर उकळून बाहेर जातं. मग सिस्टीमला प्रेशर लावून टेस्ट करा. त्यातही काही निघालं नाही तर केमिकल टेस्ट, ज्यात रेडिएटरमधली हवा एका निळ्या लिक्विडमधून ओढतात आणि सिलिंडरमधला जळका गॅस कूलंटमध्ये येत असेल तर त्याचा रंग बदलतो. हेड खोलायच्या आधी ही टेस्ट झालीच पाहिजे. गरम गाडीची कॅप उघडू नका हे माहीत असतं सगळ्यांना, तरी हात भाजून घेणारे दरवर्षी निघतातच.

डॅशबोर्डच्या काट्यावर फार जाऊ नका. बऱ्याच गाड्यांमध्ये तो बऱ्यापैकी मोठ्या रेंजमध्ये मुद्दाम मधोमधच ठेवलेला असतो, हलेपर्यंत उशीर झालेला असतो. कूलंट पूर्ण गेलं तर सेन्सर हवेत लटकतो आणि काटा खालीही येऊ शकतो. स्वस्तातलं ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं छोटं यंत्र) लावून मोबाइलवर खरे आकडे बघत चालवलं की मनातली निम्मी भीती कमी होते, नाहीतर भीती खरी होती हे तरी कळतं.

गाडीखाली जा

नुसत्या जॅकवर कधीही नाही, स्टँड लावूनच.

दोन्ही डिफरन्शिअल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर, थोडक्यात डिफ) आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) यांचं ऑइल थोडं काढून बघा. दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय. हे कसं होतं ते समजून घ्या, कारण त्यावर गाडीला बोल लावायचा की नाही ते ठरतं: चालून गरम झालेला अ‍ॅक्सल एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते, ब्रीदरचा, म्हणजे हवा आत-बाहेर करणारा, पाइप चोंदलेला असेल तर हवा आत यायला वाट नसते, मग सीलच्या फटीतून पाणी ओढलं जातं. म्हणजे गाडी वाईट नाही, ब्रीदर वर बोनेटपर्यंत घेऊन जायला हवा होता. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडी बारीक पेस्ट असणं नॉर्मल आहे. तुकडे किंवा कपचे निघाले तर मात्र गिअर किंवा बेअरिंग बोलतंय.

डी मधून आर मध्ये टाकताना, किंवा मॅन्युअलमध्ये क्लच सोडताना, खालून 'ठक' आवाज येतो तो बहुतेक प्रॉपेलर शाफ्टच्या (चाकांकडे ताकद नेणारा दांडा) क्रॉसचा, म्हणजे त्याच्या सांध्याचा, किंवा डिफच्या प्लेचा. शाफ्ट हाताने फिरवून बघितला की कळतं. पुढे सॉलिड अ‍ॅक्सल असलेल्या गाड्यांमध्ये ठरावीक वेगाला खड्डा लागला की अख्खं स्टीअरिंग हातातून सुटेल असं थरथरतं, हा प्रकार ज्याने अनुभवलाय त्याचा भरवसा का उडतो ते मला पूर्ण समजतं. पण यावर मोठा स्टीअरिंग डॅम्पर (स्टीअरिंगचे झटके शोषणारा) टाकणं हा इलाज नाही, ते लपवणं आहे. एकाला उभ्या गाडीचं स्टीअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं फिरवायला सांगा आणि खाली बघा: ट्रॅक बारचे (अ‍ॅक्सलला आडवं धरून ठेवणारा दांडा) बुश, बोल्टचं भोक अंडाकृती झालंय का, बॉल जॉइंट, टाय रॉड. जिथे धातू हलतोय पण चाक हलत नाहीये तिथे ढिलाई आहे.

शेवटी चासी. हातोडीच्या दांड्याने ठोकत जा, विशेषतः सस्पेन्शनचे माउंट, स्टीअरिंग बॉक्सच्या आसपास आणि मागच्या चाकांच्या वरचा भाग, जिथे चिखल साचून राहतो. खणखणीत आवाज चांगला, भदभद आवाज आला किंवा पापुद्रे निघाले तर गंज आतपर्यंत गेलाय. समुद्राच्या पाण्यात फिरलेल्या गाडीत हे हमखास तपासा. माउंटपाशीच चासी खाल्ली गेली असेल तर माझ्या मते पुढच्या चर्चेची गरजच नाही, ती गाडी कठीण ट्रॅकवर न्यायची नाही.

फोर बाय फोर खरंच बिघडलंय का

पार्ट टाइम सिस्टीममध्ये (जिथे फोर बाय फोर हवं तेव्हाच लावायचं असतं) मधला डिफरन्शिअल नसतो, त्यामुळे कोरड्या पक्क्या रस्त्यावर फोर हायमध्ये वळलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पिळतात, गाडी उड्या मारत वळते, आणि लिव्हर परत टू हायमध्ये (फक्त दोन चाकांना ताकद) येत नाही. थोडं सरळ रिव्हर्स घेतलं की पीळ सुटतो. हे बिघाड समजून गाड्या विकायला काढलेल्या आहेत लोकांनी. चारही टायर सारख्या साइजचे आणि साधारण सारखे झिजलेले नसले तरी असाच पीळ पडतो. आणि महिनोन्महिने लो रेंज लावलीच नाही तर लिंकेज किंवा मोटर जाम होते, मग नेमकी चिखलात लागत नाही. महिन्यातून एकदा मऊ जमिनीवर लावून काढायची.

आपण केलेले बदल आधी काढून बघा

हा भाग कडू आहे. कंपनीतून आलेल्या गाडीवरचा भरवसा उडालाय की त्यावर आपण चढवलेल्या सामानावरचा? लिफ्ट किट टाकलं की शाफ्टचे कोन बदलतात, थरथर सुरू होते, क्रॉस लवकर जातात, कॅस्टर (पुढच्या चाकांच्या स्टीअरिंगच्या अक्षाचा मागे कललेला कोन) कमी होऊन स्टीअरिंग भटकतं. टायर मोठे केले की ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं, गिअर जड होतात, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तापतो. एक्स्ट्रा लाइट, विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र), फ्रिज, कंप्रेसर यांच्या वायरी कुठल्यातरी मूळ वायरला चिमटा लावून, फ्यूज न टाकता ओढलेल्या असतात, आणि मग "इलेक्ट्रिकल प्रॉब्लेम आहे या मॉडेलला".

करायचं असं की सगळ्या बाहेरच्या वायरी बॅटरीवरून सोडा, रिमॅप (इंजिनचं बदललेलं सॉफ्टवेअर) असेल तर मूळ सॉफ्टवेअर परत टाका, जमल्यास मूळ साइजचे टायर लावा, आणि काही आठवडे अशीच चालवा. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

हद्द आधी ठरवा

शोधाशोध सुरू करायच्या आधीच दोन गोष्टी लिहून ठेवा: जास्तीत जास्त किती पैसे घालणार आणि कुठल्या तारखेपर्यंत. नंतर ठरवू म्हटलं की प्रत्येक बिलानंतर "आता एवढं केलंय तर अजून थोडं" होत जातं. आत्तापर्यंत घातलेले पैसे या हिशोबात धरायचेच नाहीत, गाडी विकली काय ठेवली काय, ते गेलेत. आत्ता आहे तशी किती किमतीला जाईल, दुरुस्त केली तर किती मिळतील आणि दुरुस्तीला किती लागतील, एवढे तीनच आकडे. दुरुस्तीने किंमत जेवढी वाढते त्यापेक्षा खर्च जास्त असेल आणि गाडी ठेवायची नसेल तर आहे तशी विकलेली बरी. चौथी गोष्ट लोक विसरतात: हिच्या जागी येणारी जुनी गाडीसुद्धा स्वतःचे न कळलेले बिघाड घेऊनच येणार आहे, निदान हिचे तुम्हाला माहीत तरी आहेत.

भरवसा परत येतो का ते तपासायची पद्धत

कारण सापडलं, दुरुस्तीही झाली, तरी मन मानत नाही असं होतं. तेव्हा एकदम लांबचा ट्रॅक नको. आधी ज्या परिस्थितीत बिघाड व्हायचा तीच मुद्दाम तयार करा पण रस्त्याजवळ: तेवढंच इंधन, तेवढाच चढ, तेवढंच गरम इंजिन. मग सोबत दुसरी गाडी घेऊन अर्ध्या दिवसाचा ट्रॅक. मग लांबचा, पण परतीची वाट सोपी असलेला. प्रत्येक पायरी दोनदा तरी स्वच्छ पार पडली तरच पुढची. एकटं जाणं सगळ्यात शेवटी.

आणि एक उलटा प्रश्न स्वतःला विचारा, घरातलं कोणी ही गाडी घेऊन रात्री पावसात एकटं निघालं तर चालेल का? चालेल असं वाटत असेल तर बहुतेक गाडी ठीक आहे आणि तुमच्या डोक्यातली भीतीच उरलीये, ती चालवून चालवून जाते. नाही असं पटकन आलं तर पुढचं वाचा.

विकायचं ठरवावं असं मला कधी वाटतं? चासी गेलेली असेल, इंजिन पाण्यात बुडून आत पाणी शिरलेलं असेल, दोन वेगळी कारणं दुरुस्त करूनही तोच बिघाड तसाच येत असेल, किंवा पार्टसाठी महिनोन्महिने थांबावं लागत असेल. आणि अजून एक कारण, जे लोक मान्य करत नाहीत: ट्रॅकवर जाणंच बंद झालंय. मग बिघाड हे निमित्त असतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, विकून टाका.

विकताना

बिघाड लपवू नका. नैतिकता बाजूला ठेवू एक क्षण, व्यवहार म्हणून सांगतो: कोड पुसून गाडी दाखवली तर बऱ्याच गाड्यांमध्ये स्कॅनरवर सेल्फ टेस्ट अपूर्ण दिसतात आणि जाणकार माणसाला लगेच कळतं की आत्ताच पुसलंय. त्यानंतर तुमच्या कुठल्याच बोलण्यावर तो विश्वास ठेवत नाही. त्यापेक्षा काय होत होतं, काय बदललं, काय सापडलं नाही, हे बिलांसकट एका कागदावर लिहून द्या आणि त्यावर घेणाऱ्याची सही घ्या. किंमत थोडी कमी येईल, पण नंतर भांडण येणार नाही. ज्याच्याकडे गॅरेज आहे किंवा ज्याला प्रोजेक्ट हवाय त्याला ही गाडी फायद्याची असू शकते, पहिल्यांदाच फोर बाय फोर घेणाऱ्याला मात्र मी अशी गाडी देणार नाही. ब्रेक, स्टीअरिंग किंवा चासीचा दोष असेल तर एकतर दुरुस्त करा नाहीतर चालवण्याजोगी नाही असं स्पष्ट लिहून, ट्रकवर चढवूनच द्या.

मॉडिफिकेशनचे पैसे गाडीच्या किमतीत जवळजवळ वसूल होत नाहीत. विंच, रूफ रॅक, लाइट, चांगले टायर वेगळे काढून विकले तर जास्त मिळतात, पण त्यासाठी मूळ पार्ट जपून ठेवलेले हवेत. काढल्यावर वायरींची टोकं उघडी सोडू नका. मोठे टायर लावून चालवली असेल तर मीटरचा आकडा खरा नसतो: ३१ इंचाच्या जागी ३३ इंची लावले तर प्रत्येक फेऱ्याला गाडी साधारण साडेसहा टक्के जास्त अंतर कापते, म्हणजे मीटरवर १ लाख किलोमीटर त्या टायरवर पडले असतील तर खरे १ लाख ६ हजारांच्या वर झालेत. मीटर कॅलिब्रेट केला नसेल तर हे सांगून टाका.

फोटो खालून काढा. डिफ, चासी, स्किड प्लेटवरचे (गाडीखालचा संरक्षक पत्रा) ओरखडे, सगळं. घेणाऱ्याला तेच बघायचं असतं, सूर्यास्तासमोर उभ्या केलेल्या गाडीचे फोटो सगळ्यांकडे असतात. इंजिन पाण्याने धुऊन चकाचक करू नका, एकतर संशय येतो आणि वर कुठल्यातरी कनेक्टरमध्ये पाणी जाऊन दाखवायच्या दिवशीच दिवा लागायचा.

टेस्ट ड्राइव्हला गाडी थंड ठेवा, थंड स्टार्ट घेणाऱ्याला दाखवा. लायसन्स बघा, सोबत बसा, लो रेंज कुठे आणि कशी लावायची ते तुम्ही सांगा, आणि "जरा त्या टेकडीवर चढवून बघू" ला नाही म्हणा, गाडी त्याच्या हातात असताना विमा लागू होतो की नाही ते तुम्हाला आधी माहीत असायला हवं.

गाडीवर कर्ज असेल तर ते फेडल्याचा कागद तयार ठेवा. पैसे खात्यात आलेले स्वतःच्या बँकेत बघितल्याशिवाय चावी नाही, मेसेजचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. जीपीएसमधले घरचे पत्ते, जोडलेला फोन, कंपनीच्या अ‍ॅपवरचं तुमचं खातं, सगळं काढा, नाहीतर दोन वर्षांनीही गाडी कुठे आहे ते तुमच्या मोबाइलवर दिसत राहतं. ताबा दिल्याच्या कागदावर तारखेसोबत वेळ आणि मीटरचा आकडा लिहा, कारण त्याच दिवशी संध्याकाळी घेणाऱ्याने सिग्नल तोडला तर दंड तुमच्या नावावर येतो. आणि विमा बंद करायचा तो मालकी बदलल्याची नोंद झाल्यावर, त्याच्या आधी नाही.